प्रबंध इंग्रजीत, पायपीट गिरणगावात

मी मध्य मुंबईत इंग्रजी साहित्य शिकवते. गिरणगाव आणि साहित्य हा माझ्या पीएचडीचा विषय होता. आता गाईड म्हणून माझ्याकडे येणारी मुलेही लालबाग, परळ, काळाचौकी, गिरगाव अशाच भागांतली असतात. सिनॉप्सिस हातात घेऊन येतात तेव्हा त्यांना जे सांगते, तेच इथे क्रमाने मांडते आहे.

1. विषय पायाखालचा घ्या.

दरवर्षी सिनॉप्सिसांच्या गठ्ठ्यात टोनी मॉरिसन असते, झुंपा लाहिरी असते, डायस्पोरा तर असतोच. शोधगंगेवर ही नावे टाकली की प्रबंधांची रांग लागते. त्या लेखिकांबद्दल माझी काही तक्रार नाही. पण करी रोडच्या मुलीला बॉस्टनमधल्या बंगाली घराबद्दल जे म्हणायचे असते, ते बहुधा आधीच कुणीतरी म्हणून ठेवलेले असते. तीच मुलगी जयंत पवारांचे 'अधांतर' (1997) हे गिरणी संपानंतरच्या कुटुंबाचे नाटक वाचते तेव्हा गोष्ट बदलते. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला, सुमारे अडीच लाख कामगारांचा गिरणी संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. त्या संपानंतर एकाच घरातल्या भावंडांच्या वाटा कशा फुटल्या, हे तिने आपल्याच मजल्यावर पाहिलेले असते. मात्र 'मी तिथलीच, मला सगळे ठाऊक आहे' हा पुरावा होत नाही. व्हायवाला बसलेले परीक्षक हे पहिल्या पाच मिनिटांत ओळखतात.

2. सिद्धान्ताआधी मराठी समीक्षा वाचा.

पहिल्या चॅप्टरमध्ये गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांचा, दबलेल्यांच्या आवाजाबद्दलचा 1988 चा निबंध ठरलेला. तो वाचायलाच हवा. पण त्याआधी तीस वर्षे, 1958 साली, दादरला दलित साहित्य संमेलन भरले होते आणि तिथे अण्णा भाऊ साठे यांनी कष्टकऱ्याला जगाच्या मध्यभागी ठेवणारी मांडणी केली होती. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' 1963 चा. नारायण सुर्व्यांचे 'माझे विद्यापीठ' 1966 चे. या पुस्तकांवर मराठीत कडाक्याचे वाद झाले, लेख लिहिले गेले. ते सगळे ओलांडून थेट परदेशी चौकट आणून बसवली की प्रबंध पोपटपंची होतो. शिवाय मुंबईतल्या इंग्रजीवाल्यांनी मराठीकडे पाठ फिरवावी, अशी परंपराच नाही. मर्ढेकर, विंदा करंदीकर, रा. भा. पाटणकर हे सारे इंग्रजीचे प्राध्यापक. 'सौंदर्यमीमांसा' पाटणकरांनी मराठीत लिहिली. विंदांनी अॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र आणि 'किंग लिअर' मराठीत आणले. भालचंद्र नेमाडे मुंबई विद्यापीठात तौलनिक साहित्याच्या अध्यासनावर होते. आपण या घराण्यातले आहोत, एवढे तरी लक्षात असू द्यावे.

3. सॉफ्टवेअरला मराठी चोरी दिसत नाही, म्हणून ती चोरी नाही असे नव्हे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांप्रमाणे 10 टक्क्यांपर्यंतचे साम्य चालते. मुले त्या आकड्याला फार घाबरतात. पण जुन्या मराठी लेखातला आख्खा युक्तिवाद इंग्रजीत उतरवला, तर ते यंत्र सहसा हूं की चूं करत नाही. म्हणून इथे सारी भिस्त माणसाच्या सचोटीवर. ज्या मराठी समीक्षकाकडून मुद्दा घेतला, त्याचे नाव तळटीपेत ठेवून भागत नाही. ते वाक्यातच यायला हवे.

4. ग्रंथालयात पुस्तक मागू नका, अंक मागा.

मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 पासूनचे. दादरला त्याच्या संदर्भ विभागात जाऊन बसा. कविता संग्रहात वाचणे वेगळे आणि ती ज्या अंकात पहिल्यांदा छापून आली तो अंक उघडणे वेगळे. तिच्या शेजारी कोणाचा लेख आहे, खाली कशाची जाहिरात आहे, पुढच्या अंकात वाचकांनी पत्रांतून काय झोडपले आहे, हे सगळे तिथे एका जागी मिळते. तेव्हाचा समाज कसा होता, हे त्या पानांवरून कळते. 'सत्यकथा' गिरगावातल्या खटाववाडीतून निघत होती आणि तिच्यात न मावणारे लेखक लहान अनियतकालिके काढत होते, हे अंतर अंक समोरासमोर ठेवल्याशिवाय कळत नाही. कॅटलॉगमध्ये सगळे सापडेलच असे नाही. काउंटरवरच्या माणसाशी ओळख करून घ्या. पाने ठिसूळ असतात, फोटो काढण्याआधी परवानगी विचारा.

5. मुलाखतीत पहिल्या उत्तरावर थांबू नका.

डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतली 160 चौरस फुटांची खोली. निवृत्त आजोबा खुर्चीवर ताठ बसलेले, समोर रेकॉर्डर. बोलू लागले ते थेट सभेतल्यासारखे: संघटना, मालक, लढा, संपाचे नेते डॉक्टर सामंत. सगळे खरे, पण हे पुस्तकातही मिळते. मी विचारले, "आजोबा, तुम्ही कुठल्या खात्यात होता?" तिथून सूर बदलला. साचा खाते, त्रासन खाते, बदली कामगाराचे गेटवर ताटकळणे, पाळी सुटल्यावर कानात उरणारी घरघर. इतक्यात मोरीजवळून आजी म्हणाल्या, "ह्यांचा भोंगा सातला. माझा चारला व्हायचा. डबा कोन करनार?" त्या एका वाक्याने माझ्या चॅप्टरची मांडणी बदलली. गिरणगाव म्हणजे पुरुषांचेच गाव, असा आपला समज साहित्यानेही पोसला आहे. खानावळी चालवणाऱ्या बायांनी हजारो एकट्या कामगारांना जेवू घातले. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते याच बायांना घेऊन. तेव्हा घरात गेलात की मोरीकडेही कान द्या. आणि एक रीत पाळा: जे लिहिले ते त्यांना मराठीत वाचून दाखवा, मगच छापा.

6. दोन भाषांत लिहिणाऱ्याला अर्धाच वाचू नका.

अरुण कोलटकरांचे इंग्रजी 'जेजुरी' 1976 चे, 'अरुण कोलटकरच्या कविता' 1977 च्या. एका वर्षाच्या अंतराने आलेली दोन पुस्तके, पण किती तरी प्रबंध पहिल्यावरच संपतात. दिलीप चित्र्यांचेही तेच होते. या शहरात दोन भाषा शेजारी नांदणे नवे नाही. 1832 साली बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढले तेच मुळी मराठी आणि इंग्रजी असे दोन रकाने शेजारी ठेवून. मराठी येत असून न वाचणे हा निव्वळ आळस आहे.

7. जे घेतले ते मराठीत परत करा.

मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणी कामगारांचा मौखिक इतिहास इंग्रजीत लिहिला, तो 2004 साली आला. पुढे तो मराठीतही आला, म्हणून ज्यांनी सांगितले त्यांच्या घरात तो पोहोचू शकला. आपले बहुतेक प्रबंध मात्र कलिनाला विद्यापीठाच्या कपाटात जातात. मराठी लेखाला बढतीच्या गुणांत फारशी किंमत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही लिहा. दिवाळी अंकाला एक लेख द्या, गणेशोत्सवाच्या व्याख्यानमालेत अर्धा तास बोला, निदान चाळीच्या वाचनालयात दहा पानांचा मराठी गोषवारा ठेवा. माझ्याकडे नाव नोंदवायला येणाऱ्यांना मी ही अट पहिल्याच भेटीत घालते, आणि इतर गाईडांनीही ती घालावी, अशी माझी विनंती आहे.