सोनं गहाण ठेवायची घाई करू नकोस

बघ, आधी ते मंगळसूत्र गळ्यातच राहू दे. जावईबापूंना सौदीत वेल्डरचं काम मिळतंय, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण एजंटाने व्हिसा आणि वर्क परमिटचे म्हणून दीड लाख मागितले, आणि तू धानाचे पैसे, बचत गटाचं कर्ज, सोनं अशी जुळवाजुळव करत रात्रभर जागतेस. जरा थांब.

खरं सांगू का, परमिटचा खर्च तुमचा नाहीच गं. सौदीच्या कामगार कायद्याचं ४० वं कलम हेच सांगतं. बाहेरून कामगार आणायची फी, इकामा म्हणजे तिथे राहायचा परवाना, वर्क परमिट, त्यांचं नूतनीकरण, त्याला उशीर झाला तर होणारा दंड, सगळं मालकाने भरायचं. नोकरी संपल्यावर परतीचं तिकीटही त्यानेच काढायचं. उद्या दुबईचं ठरलं, तरी घाबरू नकोस. अमिरातीच्या २०२१ च्या कायद्याप्रमाणे भरतीचा खर्च मालकाला कामगाराकडून घेता येत नाही, आडमार्गानेही नाही.

मग तुमच्या वाट्याला काय येतं? पासपोर्टची फी तुमची. एजंटाला त्याचं सेवाशुल्क द्यायचं, पण त्यालाही आपल्या सरकारने मर्यादा घातली आहे: जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४००. तेही पावती घेऊनच. 'पावती नंतर देतो' म्हणाला, तर 'पैसेही नंतरच देतो' म्हणायचं. लाजू नकोस, कष्टाचा पैसा आहे.

आता एजंटाकडे नीट बघ. १९८३ च्या कायद्याने परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवायला सरकारी नोंदणी लागते. साकोली-तुमसरकडचा कुणी ओळखीचा माणूस 'मुंबईच्या साहेबांचं काम मी बघतो' म्हणत असेल, तर त्या साहेबांचा नोंदणी क्रमांक माग. सेतू केंद्रातल्या पोराला ई-मायग्रेट ही सरकारची साइट उघडायला लाव आणि नाव यादीत आहे का ते बघ. व्हिजिट व्हिसावर पाठवतो, तिथे गेल्यावर बदलून देतो, असं म्हणाला तर तिथूनच उठायचं.

जावईबापूंची दहावी राहिली आहे ना? मग पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे 'परदेशी कामाला जाण्याआधी तपासणी हवी' अशी नोंद असेल. सौदीला जाताना त्यांना सरकारची मंजुरी लागेल. कटकट वाटते, पण ती आपल्याच राखणीसाठी आहे. त्यासोबत प्रवासी भारतीय विमाही निघतो, दोन वर्षांचे २७५ रुपये, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाखांचं संरक्षण. हे पैसे मात्र वाचवू नकोस.

तो म्हणेल, 'सगळेच देतात, तुम्ही नाही दिले तर दुसरा जाईल.' पुष्कळ जण देतात, हे खरं आहे. पण कर्ज काढून गेलेल्या माणसाचं काय होतं, ते बघ. पगार ठरल्यापेक्षा कमी मिळाला, काम वेगळंच निघालं, तरी तो गप्प बसतो, कारण घरी व्याज चढत असतं. परत यायची सोय ज्याच्याकडे असते, त्यालाच मालकाशी नीट बोलता येतं. तू आज हे पैसे वाचवलेस, तर जावईबापूंच्या हातात तेवढं बळ राहील.

तेव्हा उद्या एजंटाकडून तीन गोष्टी माग: नोंदणी क्रमांक, पगार लिहिलेला करार, आणि कशाचे किती पैसे याचा कागद. तो टाळाटाळ करू लागला, तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राला १८०० ११ ३०९० वर फोन लाव, पैसे पडत नाहीत. बचत गटाचा हिशेब इतकी वर्षं चोख ठेवतेस, हाही तुला जमेल गं.