मुलाखतीतील एक प्रश्न

१९९४ साली पुण्याजवळच्या एका खासगी कारखान्यात हिशेबनिसाच्या जागेसाठी मी मुलाखतीस गेलो. बी. कॉम. प्रथम श्रेणी, टंकलेखनाचे प्रमाणपत्र आणि वसतिगृहाच्या सवयीने रात्रभर गादीखाली दाबून ठेवलेली पँट, एवढी माझी तयारी होती. घसारा, ताळेबंद, विक्रीकर यांवरील उत्तरे बरी गेली. मग मधल्या खुर्चीवरील गृहस्थांनी अर्ज बाजूला सारून विचारले, "गाव कोणते म्हणालात?" माझे आडनाव गावावरून पडलेले, शेवटी 'कर' असलेले, त्यावरून काही उलगडत नाही. मी गाव सांगितले. "गावात नेमके कोठे?" ओढ्यापलीकडे, असे मी म्हणालो. त्यानंतर एकही प्रश्न आला नाही. "कळवतो," एवढेच ते म्हणाले. पत्र कधीच आले नाही.

आपल्या विद्यालयाने आम्हांला पहाटे उठणे, त्रिशरण-पंचशील, पाढे आणि व्याकरण शिकविले. या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणत्याच वहीत लिहून घेतलेले नव्हते.

मला जातीमुळे नाकारले, हे मी सिद्ध करू शकत नाही. माझ्याहून सरस उमेदवार आला असणेही शक्य आहे. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले, तेव्हा शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना आणि पारशी सरायीतून लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. तो भेद उघड होता. आजचा भेद "कळवतो" या सभ्य शब्दात मावतो. नाकारला गेलेला तरुण मग आपल्यातच उणीव शोधत बसतो. मीही दोन वर्षे इंग्रजी उच्चारांनाच दोष देत होतो.

व्यक्तीला जे सिद्ध करता येत नाही, ते अभ्यासकांनी मोजून दाखविले आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठविले. शिक्षण आणि पात्रता सारखी, फरक केवळ नावाचा: काही नावे उच्चवर्णीय हिंदू, काही दलित, काही मुस्लिम. दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या सुमारे दोन-तृतीयांश भरली, मुस्लिम नावाची सुमारे एक-तृतीयांश. येथे उमेदवाराने तोंडही उघडलेले नव्हते, हे ध्यानात घ्यावे. २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी नोकरी देणाऱ्यांशी बोलून लिहिले, की हे लोक 'गुणवत्ता हाच निकष' असे सांगतात आणि त्याच दमात उमेदवाराची 'कौटुंबिक पार्श्वभूमी' महत्त्वाची मानतात. ओढ्यापलीकडची ती चौकशी म्हणजे हीच पार्श्वभूमी.

कायद्याची मदत येथे तोकडी पडते. संविधानाचा अनुच्छेद १६ जात, वंश, जन्मस्थान यांवरून अपात्र ठरविण्यास मनाई करतो, पण तो शासकीय नोकऱ्यांपुरता. अत्याचार प्रतिबंधक कायद्यातील जातीवरून अपमानाच्या कलमांसाठी तो अपमान लोकांच्या नजरेसमोर झालेला असावा लागतो. मुलाखतीची खोली बंद असते. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट 'क' आणि अराजपत्रित गट 'ब' पदांच्या मुलाखती बंद केल्या. उद्देश भ्रष्टाचार रोखण्याचा होता, तरी आपल्या मुलांना त्याचा लाभ झाला असे माझे मत आहे.

आता जे सांगावयाचे आहे ते सांगणे मला जड जाते. पुढे मी एका संस्थेत लेखाधिकारी झालो आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसू लागलो. एकदा मराठवाड्यातील एक मुलगी आली होती. हिशेबात ती पक्की होती. माझ्या सहकाऱ्याने विचारले, "वडील काय करतात?" "वीटभट्टीवर असतात," ती म्हणाली. मग आईविषयी, मग गावाविषयी विचारणा झाली. मी गप्प राहिलो. मध्ये बोललो तर 'हा आपल्या माणसाची बाजू घेतो' असे म्हणतील, ही भीती होती. गुणपत्रकात तिच्या नावापुढे 'संवादकौशल्य कमी' असा शेरा पडला आणि त्याखाली तिघांच्या सह्या झाल्या. त्यांत एक माझी आहे.

त्यानंतर मी दोन गोष्टींचा आग्रह धरला. सर्व उमेदवारांना तेच लिखित प्रश्न विचारावेत, आणि प्रत्येक सदस्याने चर्चेपूर्वीच गुण लिहून पाकीट बंद करावे. वडिलांचा व्यवसाय, गाव, आडनाव हे प्रश्न यादीतून गेले. चहाच्या वेळी ते अजूनही निघतात, पण तोवर पाकिटे बंद झालेली असतात. आपल्यापैकी जे आज निवड समित्यांवर आहेत, त्यांना एवढे निश्चित करता येईल. आणि जे मुलाखतीस जातात, त्यांनी त्याच संध्याकाळी तारीख, उपस्थितांची नावे आणि विचारलेले प्रश्न शब्दशः वहीत लिहून ठेवावेत. मी ते लिहिले नव्हते.

दिवाळीच्या सुटीनंतर मी विद्यालयात येऊन बारावीच्या विद्यार्थ्यांच्या सराव मुलाखती घेतो आणि गावाचा तो प्रश्न मुद्दाम विचारतो. गेल्या वर्षी एका मुलाने शांतपणे विचारले, "सर, हा प्रश्न सर्वांनाच विचारला आहे का?" खरे तर त्या दिवशी तो मी फक्त त्यालाच विचारला होता. त्याच्यानंतरच्या प्रत्येकाला विचारला.