पडदा काळा होतोय, पण कार्ड बदलण्याची घाई नको

प्रश्न : विंडोज अपडेट झाल्यापासून घरच्या संगणकाचा पडदा मधेच काळा होतो, अक्षरेही फुगलेली दिसतात. दुरुस्तीवाले ग्राफिक्स कार्ड बदला म्हणतात. मुलीची परीक्षा तोंडावर आहे. काय करू?
– एक वाचक भगिनी, देवळाली कॅम्प

उत्तर : ताई, काळजी करू नका. अपडेटनंतर लगेच सुरू झालेला बिघाड बहुधा ड्रायव्हरचा, म्हणजे विंडोज आणि कार्ड यांच्यातल्या दुभाष्याचा असतो. तो दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. आधी मुलीच्या फायली पेन ड्राइव्हवर घ्या. पडदा काळा झाला की विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणे एकत्र दाबा. ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'डिस्प्ले अडॅप्टर्स' पाहा. तिथे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' असेल, तर खरा ड्रायव्हर चालूच नाही. अक्षरे फुगतात ती त्यामुळेच. इंटेल, एएमडी, एनव्हिडिया यांपैकी ज्यांचे कार्ड असेल, त्यांच्याच संकेतस्थळावरून तो घ्या. कार्डाचे नाव नीट दिसत असेल, तर 'प्रॉपर्टीज'मधल्या 'ड्रायव्हर'खाली 'रोल बॅक ड्रायव्हर' निवडा, जुना परत येतो. सारे ड्रायव्हर एका क्लिकवर देऊ म्हणणारे प्रोग्राम मात्र अजिबात टाकू नका. विंडोज सुरू होण्याआधीच पडद्यावर रेघा दिसत असतील, तरच केबल आणि कार्ड तपासून घ्या.