जुन्या निगेटिव्हचे स्कॅनिंग : धूळ व दाणा कमी कसा करावा?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात उमरगा-लोहारा भागातील घरांबरोबर भिंतीवरच्या तसबिरीही ढिगाऱ्याखाली गेल्या. गेलेल्या माणसाचा एकही फोटो उरला नाही, अशी कुटुंबे आहेत. मात्र लग्नाचा किंवा शाळेचा तो फोटो ज्या स्टुडिओने काढला, तेथे त्याची निगेटिव्ह अजून असू शकते. म्हणून धाराशिव जिल्ह्यातील ज्या फोटोग्राफर बंधूंच्या दुकानात वडिलांच्या काळातील निगेटिव्हचे डबे पडून आहेत, त्यांनी ते रद्दीत काढू नयेत. स्कॅनिंगचे काम नीट शिकून घ्यावे.

प्रथम धुळीचा बंदोबस्त. धूळ संगणकावर पुसण्यापेक्षा फिल्मवरच येऊ न देणे स्वस्त पडते. उन्हाळ्यात आपल्याकडची हवा कोरडी असते. कोरडी फिल्म घासली की तिच्यावर विद्युतभार येतो व धूळ चिकटते. म्हणून फरशी ओल्या फडक्याने पुसावी, पंखा बंद ठेवावा आणि सुती हातमोजे घालून फिल्म कडेने धरावी. घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांकडे असते तशा रबरी फुंकणीने धूळ उडवावी. तोंडाने फुंकू नये, थुंकीचे डाग पडतात. स्कॅनरची काचही रोज पुसावी. बुरशी लागलेल्या निगेटिव्हला पाणी लावू नये, कारण बुरशीने कमजोर झालेला जिलेटिनचा थर पाण्याने निघून येतो.

काही स्कॅनरमध्ये 'डिजिटल आईस' ही सोय असते. तीत अवरक्त किरण वापरतात. रंगीत फिल्मच्या रंगांतून ते आरपार जातात, धुळीपाशी मात्र अडतात. त्यावरून यंत्राला धूळ कोठे आहे ते कळते. साध्या कृष्णधवल फिल्ममध्ये चांदी असते व तीही हे किरण अडवते. त्यामुळे तेथे यंत्र चित्रालाच धूळ समजते. कृष्णधवल निगेटिव्हसाठी ही सोय बंद ठेवावी व डाग हातानेच काढावेत.

आता दाणा, म्हणजे ग्रेन. तो फिल्मच्या अंगचाच असतो, समूळ जात नाही. कमी उजेडात काढलेल्या रंगीत निगेटिव्हमध्ये तो अधिक दिसतो. एकच निगेटिव्ह अनेकदा स्कॅन केल्याने यंत्राचा दोष घटतो, दाणा घटत नाही. त्यासाठी साधा उपाय असा : स्कॅन करताना शार्पनिंग बंद ठेवावे, ३५ मिलिमीटरची फिल्म ३२०० डीपीआयवर स्कॅन करावी आणि मग चित्र लांबी-रुंदीने निम्मे करावे. चार बिंदूंचा एक बिंदू होतो व दाणा सौम्य होतो. तरीही ५ बाय ७ इंचाच्या प्रिंटला ३०० डीपीआय पुरतात. शार्पनिंग शेवटी, तेही थोडेच करावे. मोठ्या १२० फिल्मला कमी वाढवावे लागते, म्हणून तिच्यात दाण्याचा त्रास कमी होतो.

एक सावधगिरी. दाणा घालवणारे सॉफ्टवेअर जोरात चालवले, तर चेहरा मेणासारखा गुळगुळीत होतो आणि सुरकुत्या, तीळ, दाढीचे केस नाहीसे होतात. ज्या मुलाला वडिलांचा चेहरा नीट आठवत नाही, त्याला दाणेदार पण खरा चेहरा द्यावा. मूळ स्कॅन न बदलता वेगळा जपून ठेवावा आणि निगेटिव्ह ही ग्राहकाची अमानत समजून कागदी पाकिटात, नाव व तारीख लिहून परत करावी. अशा कामाने गिऱ्हाईक जोडले जाते.