धार्मिक माध्यमांतील जाहिराती : श्रद्धा, व्यवसाय आणि नीती

धार्मिक नियतकालिके व भक्तिवाहिन्या यांचे खरे भांडवल म्हणजे वाचक-प्रेक्षकांचा विश्वास होय. प्रवचन ऐकणारा श्रोता चिकित्सक ग्राहकाच्या भूमिकेत नसतो. तो श्रद्धेने ऐकत असतो. त्याच पडद्यावर लगेच एखादे 'सिद्ध यंत्र' विक्रीस आले, तर प्रवचनकारावरील विश्वास नकळत त्या वस्तूकडे वळतो. या विषयातील नैतिक प्रश्नाचे मूळ येथे आहे.

दोन मार्ग

गोरखपूरच्या गीता प्रेसचे 'कल्याण' हे मासिक १९२६ साली सुरू झाले. जाहिराती न स्वीकारण्याचा महात्मा गांधींचा सल्ला मानून या मासिकाने तेच धोरण ठेवले. स्वतः गांधीजींनीही 'नवजीवन' व 'यंग इंडिया' जाहिरातींविना चालविली. उलटपक्षी, उपग्रह वाहिनीचा प्रक्षेपणखर्च केवळ वर्गणीतून भागणे कठीण असते. त्यामुळे जाहिरात घेणे हेच मुळात अनैतिक, असे म्हणता येणार नाही. उदबत्ती, पूजासाहित्य वा तीर्थयात्रेची प्रामाणिक जाहिरात आक्षेपार्ह ठरत नाही. रोगमुक्ती, संततिप्राप्ती वा धनलाभाची हमी देणारी जाहिरात मात्र संकटातील माणसाच्या अगतिकतेचा व्यापार करते. औषधोपचार सोडून ताईतावर विसंबणाऱ्या रुग्णाची हानी पैशापुरती मर्यादित राहत नाही.

कायदेशीर चौकट

संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) अन्वये व्यापारी अभिव्यक्तीलाही संरक्षण आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने टाटा प्रेस प्रकरणात (१९९५) मान्य केले. तथापि फसव्या जाहिरातींना ते लागू नाही. अनुच्छेद २५ मधील धर्मस्वातंत्र्यही सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन आहे. या संदर्भात पुढील तरतुदी लक्षात ठेवाव्यात :

• औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ : रोग बरे करण्याचा दावा करणाऱ्या ताईत, मंत्र, कवच इत्यादींच्या जाहिरातींस मनाई.
• केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ (नियम ७) : मुख्यतः धार्मिक उद्देशाच्या, तसेच सिद्ध करता न येणाऱ्या चमत्कारी गुणांचा दावा करणाऱ्या जाहिरातींस प्रतिबंध, जाहिरात कार्यक्रमापासून स्पष्टपणे वेगळी दिसणे आवश्यक.
• ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ : दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत, पुनरावृत्ती झाल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते.

महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला. त्याच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये, देवतांच्या नावे चमत्कारी यंत्रे विकणाऱ्या दूरचित्रवाणी जाहिराती बेकायदेशीर ठरविल्या.

नैतिक कसोट्या

कायदा ही किमान मर्यादा आहे. नीतीची अपेक्षा त्याहून अधिक असते. प्रत्येक धर्माच्या माध्यमाने जाहिरात स्वीकारण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत : दावा पडताळता येतो काय? उपदेश व विक्री यांतील सीमारेषा सामान्य प्रेक्षकाला कळते काय? भीती वा दुःख यांचा गैरफायदा घेतला जात आहे काय? वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासण्याचे मूलभूत कर्तव्य (अनुच्छेद ५१क) श्रद्धेच्या विरोधात नाही. श्रद्धेचा बाजार होऊ न देण्यास ते साहाय्यभूतच ठरते.

सरावासाठी प्रश्न : 'धार्मिक माध्यमांतील जाहिरातींचे नियमन म्हणजे धर्मस्वातंत्र्यावरील मर्यादा नव्हे, तर श्रद्धावान नागरिकाचे संरक्षण होय.' चर्चा करा.