गॅस संपलाय... खरंच का?

मित्रांनो, आर.ए.सी.च्या वायवात "कूलिंग कमी येतंय, काय कराल?" असं विचारलं की आपण सगळे एका सुरात सांगतो, "सर, गॅस भरू!" गेल्या मे महिन्यात लवासाच्या रस्त्यावर हे उत्तर किती महाग पडतं ते पाहिलं, म्हणून हा लेखनप्रपंच.

मुळशी तालुका भाताचा. खाचरं लहान, त्यामुळे एसी केबिनचा ट्रॅक्टर इकडे विरळाच. ओळखीच्या एका काकांनी असा एक जुना ट्रॅक्टर सेकंडहँड घेतलाय. शेतीचं काम नसलं की तो टेमघरचा घाट चढून लवासाकडे पाण्याचा टँकर ओढतो. सकाळी सपाटीला एसी ठीक, घाटात मात्र गरम वारा. काकांनी एका उन्हाळ्यात दोनदा गॅस भरला होता आणि तिसऱ्यांदा भरायच्या बेतात होते. ड्रायव्हर दादा बिचारे दार उघडं ठेवून चालवायचे. म्हणजे पैसे गेले ते गेले, वर धूळ नाकात!

आता थोडं डोकं लावू. एसी थंडी 'बनवत' नाही, तो केबिनमधली उष्णता उचलून कंडेन्सरमधून बाहेर टाकतो. कारला वेगाचा वारा मिळतो. ट्रॅक्टर घाटात माणसाच्या धावण्याइतक्या वेगाने चढतो, म्हणून सगळा भरवसा पंख्यावर. कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असेल आणि त्यात भुसा, माती बसली असेल, तर उष्णता जाणार कुठे? सपाटीला चालतं आणि चढाला बंद पडतं, हाच पहिला पुरावा.

तपासणीचा क्रम असा ठेवा. फुकटातल्या गोष्टी आधी, खर्चाच्या नंतर.

१) इंजिन बंद करून कंडेन्सर पाहा. पाणी किंवा हवा इंजिनच्या बाजूने बाहेर मारा, प्रेशर कमी ठेवा, नाहीतर फिन्स आडव्या होतात.
२) केबिनचा एअर फिल्टर काढून झटका. वाराच कमी येत असेल तर गॅसचा काय दोष?
३) बेल्ट ढिला आहे का, कॉम्प्रेसरचा क्लच ओढतो का, ते बघा.
४) हीटरचा व्हॉल्व्ह. हा गुपचूप दगा देतो! तो पूर्ण बंद होत नसेल तर इंजिनचं गरम पाणी केबिनमध्ये फिरत राहतं. एकीकडे एसी, दुसरीकडे शेगडी.
५) एवढं झाल्यावरच गेज लावा.

गेजचा फंडा सोपा आहे. लो आणि हाय दोन्ही कमी, तर गॅस कमी, म्हणजे कुठेतरी लीक आहे. दोन्ही जास्त, तर कंडेन्सर घाण, पंखा कमजोर, गॅस जादा किंवा सिस्टिममध्ये हवा. लो जास्त आणि हाय कमी, तर बहुधा कॉम्प्रेसर थकलाय. लो पार व्हॅक्यूमकडे, तर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह किंवा ड्रायर चोंदलाय.

एक सापळा लक्षात ठेवा. इंजिन बंद असताना ३० अंशाला आर-१३४ए साधारण ९७ पीएसआय दाखवतो. पण आत थोडासा द्रव उरला असला तरी आकडा तोच! म्हणून बंद गाडीवरून 'गॅस फुल्ल आहे' म्हणू नका. आर-१२चा आकडाही जवळपास तेवढाच येतो, तेव्हा कुठला गॅस आहे ते स्टिकर आणि फिटिंगवरून ठरवा. दोन गॅस कधीही मिसळू नका, त्यांची तेलंही वेगळी असतात. आणि लवासा साधारण २००० फुटांवर आहे, तिथे पंपाने चांगला व्हॅक्यूम केला तरी काटा ३० ऐवजी २८ इंचाच्या आसपासच थांबेल. पंपाला शिव्या घालू नका.

काकांच्या ट्रॅक्टरचे दोन्ही काटे वर होते. कंडेन्सरमधून घमेलंभर चिखल निघाला, तेव्हा व्हेंटची हवा २४ वरून १७ अंशांवर आली. मग हीटरचा पाइप चिमट्याने दाबला, थोड्या वेळात ११! जादा भरलेला गॅस मशीनने काढून घ्यायला सांगितला. तो हवेत सोडायचा नाही, कारण आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नसला तरी तापमानवाढीत कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून भारी आहे. आर-१२ तर ओझोनच खातो. माँट्रियल करारानुसार भारताने तो २०१० पासून बंद केला.

एकूण खर्च? एक नवा व्हॉल्व्ह, आणि आमचा चहा. दादा आता दार लावून घाट चढतात.

तेव्हा दोस्तहो, पुढच्या वायवात उत्तर बदला, "सर, आधी कंडेन्सर धुऊ." एक्स्टर्नल हसले तर हसू देत. शेतकऱ्याचे पैसे वाचले, की आपली डिग्री थोडीफार वसूल!