दाणे, कूट आणि तेल : उष्मांकांचा खरा हिशेब

जनावरास ज्वारीचे अखंड दाणे चारले असता त्यांतील काही न पचता शेणातून बाहेर पडतात. म्हणूनच आंबोणाचे धान्य भरडून देण्याची रीत आहे. गव्हाणीत घातलेले सर्वच जनावराच्या अंगी लागत नाही. माणसाच्या अन्नासही हाच नियम लागू पडतो.

अन्नातील शक्ती उष्मांकांत मोजतात. अमेरिकेतील कृषि-रसायनशास्त्रज्ञ विल्बर ॲटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याविषयी प्रयोग केले. अन्न जाळून मिळणाऱ्या उष्णतेतून मलमूत्रावाटे जाणारा भाग वजा करून त्यांनी दर ग्रॅमास प्रथिनांचे ४, पिष्टमय पदार्थांचे ४ व स्निग्ध पदार्थांचे ९ उष्मांक धरले. आजचे तक्ते मुख्यतः याच आकड्यांवर आधारलेले आहेत.

परंतु हे आकडे मिश्र आहाराच्या सरासरीचे होत. पदार्थाचे रूप बदलले की हिशेबही बदलतो. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात भुईमूग तीन रूपांत खावयास दिला होता. अखंड दाणे खाणाऱ्यांच्या आहारातील १७.८ टक्के स्निग्धांश मलावाटे वाया गेला. दाणे बारीक वाटून दिल्यावर हे प्रमाण ७ टक्के, तर तेल दिल्यावर ४.५ टक्के भरले. दाण्यातील तेल पेशींच्या भित्तिकांत कोंडलेले असते. त्या भित्तिका फुटल्यावाचून पाचकरस तेलापर्यंत पोहोचत नाहीत. बदामांविषयी अमेरिकेच्या कृषिखात्याने २०१२ साली असेच दाखविले. २८ ग्रॅम बदामांत तक्त्याप्रमाणे सुमारे १७० उष्मांक असावयास हवेत. शरीरास मिळाले अवघे १२९.

शिवाय पचनासही शक्ती खर्ची पडते. प्रथिनांच्या बाबतीत हा खर्च सुमारे २० ते ३० टक्के, तर स्निग्ध पदार्थांच्या बाबतीत फार तर ३ टक्के असतो.

याचा घरी पुढीलप्रमाणे उपयोग करावा :

(१) आजारातून उठलेल्या कृश माणसास व दात नसलेल्या वृद्धांस दाण्यांऐवजी बारीक कूट द्यावे.

(२) वजन वाढू नये असे वाटणाऱ्यांनी कूट व तेल बेताने वापरावे.

(३) पाच वर्षांखालील मुलांस अखंड दाणे देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो.

(४) बुरशी आलेले दाणे कोणत्याही रूपात खाऊ नयेत.

तक्ते टाकून देण्याचे कारण नाही. मात्र उभ्या पिकाचा अंदाज व खळ्यावरील माप यांत अंतर पडते, तसेच येथेही आहे. तक्ता हा अंदाज होय. तक्त्याप्रमाणे आहार पुरेसा असूनही मुलाचे वजन वाढत नसेल, तर आकड्यांवर विसंबून न राहता त्यास डॉक्टरांस दाखवावे.